शांत बसण्याचं बक्षीस

खालच्या खोल्यांच्या दारावरचा बोर्ड मी अजून काढलेला नाही, म्हणून लोक अजून माझी बेल वाजवतात. परवा एक जोडपं आलं होतं मोडनिंबहून. पोरगा बापाच्या खांद्यावर, दोन्ही कान हातांनी गच्च दाबून बसलेला. आई म्हणाली, "मॅडम, इथं पोरांचं ओरडणं बंद करून देतात म्हणे." बंद करून देतात! नळाला वॉशर बसवून देतात तसं! जिभेवर काहीतरी वाईट आलं होतं, पण उन्हातान्हातून आलेली माणसं. पाणी दिलं आणि सांगितलं, की बाई सध्या नवीन मुलं घेत नाहीत. कधी घेतील, विचारलं. मला माहीत नाही म्हटलं.

मी शुभदा. महापालिकेच्या शाळेत उभा जन्म फळ्यासमोर गेला आणि राग नाकावर घेऊनच निवृत्त झाले. जुळे सोलापुरात आमचं घर आहे. हे गेल्यावर खालच्या दोन खोल्या नुसत्या धूळ खात होत्या, त्या मी धम्मप्रियाला दिल्या. ती स्वमग्न मुलांना शिकवते. शिकवते म्हणजे बाराखडी नव्हे. खुर्चीवर बसणं, हाक मारली की बघणं, पाणी हवं असेल तर भिंतीवर डोकं न आपटता ते मागणं, असलं सगळं. तिच्या सर्टिफिकेटावर त्याला बिहेविअरल थेरपी म्हटलंय. आमच्या गल्लीत 'त्या वेड्या पोरांचा क्लास' म्हणतात, आणि तसं म्हणणाऱ्या दोघीजणींशी मी बोलणं टाकलंय.

धम्मप्रिया बुधवार पेठेतली. वडील धर्मपाल रेल्वेत होते, आता घरी असतात. त्यांनी पोरीमागं एकच धोशा लावला होता, शीक. तिनं डी.एड. केलं आणि शिक्षकभरतीची वाट बघत बसली. भरती काही निघेना. मग कुणीतरी पुण्याचा हा वर्षभराचा कोर्स सांगितला आणि काम नक्की मिळतं म्हणाले, म्हणून गेली. लोकांना वाटतं, हिच्या घरात असं एखादं मूल असेल, हिला आतून कळवळा असेल. कसलं काय! "पोटासाठी गेले ताई, आणि अडकले," असं तीच सांगायची. लग्नाची दोन स्थळं आली. पहिल्यांनी विचारलं, ह्या आजाराची लागण होते का. दुसऱ्यांनी विचारलं काही नाही, नुसतं कळवलं नाही. तिच्या आईनं, नागूबाईंनी, मग तो विषयच सोडून दिला.

तिच्या कामात सगळ्यात मोठं काम म्हणजे थांबणं. मी कितीदा तरी दाराच्या काचेतून बघितलंय. पोराला फुटाणे हवेत. फुटाणे पारदर्शक डब्यात, झाकण घट्ट. पोर डबा आपटतं, हिच्या अंगावर येतं, केस ओढतं, आणि ही हात पुढं करून बसलेली असते. चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही. पोरानं डबा तिच्या हातावर ठेवला रे ठेवला, की झाकण उघडून एक फुटाणा. एकच. परत झाकण. अर्धा अर्धा तास हा खेळ चालायचा. मला बघूनच घाम फुटायचा.

"अगं, तू पोरं शिकवतेस की कुत्री?" मी एकदा म्हणाले तिला. म्हणायला नको होतं, पण माझं तोंड असंच आहे.

"ताई, तुम्ही छडीनं शिकवलंत, मी फुटाण्यानं शिकवते," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा माझी पोरं सुखी आहेत की."

अशी होती. आवाज न चढवता वर्मावर बोट ठेवायची. तिचा आवाज चढलेला मी कधीच ऐकला नव्हता. कधीच म्हणजे, एकदा ऐकला. ते शेवटी येईल.

मायाक्का आली ती थंडी सरता सरता. सहा वर्षांची पोर, केस पार बारीक कापलेले, कारण ती ते उपटायची. देवीचं नाव ठेवलेलं, चिंचलीच्या मायाक्काचं. घरात माया म्हणायचे. बाप जोतिराम मंगळवेढ्याच्या पलीकडच्या गावचा, मेंढरांच्या घरातला. पोरीसाठी त्यानं आपली मेंढरं भावाच्या हवाली केली आणि विजापूर रोडला एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागला. जो माणूस उभ्या जन्मात छपराखाली झोपला नाही, तो पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसला. त्याची बायको दिपाली, अंगानं किडकिडीत, कडेवर दुसरी पोर, तान्ही. पहिल्याच दिवशी दिपालीनं सांगून टाकलं, "बाई, ही बोलत न्हाय, बगत न्हाय, ते ऱ्हाऊ द्या. निस्ती वरडायची थांबली तरी लई झालं."

आणि माया ओरडली. देवा रे! मी वर स्वयंपाकघरात होते, हातातली पळी खाली पडली. गळ्यातून नाही, कुठून तरी खोल पोटातून यायचा तो आवाज, आणि एकदा सुरू झाला की श्वास घेण्यापुरताच थांबायचा. गल्लीतली कुत्री उत्तर द्यायला लागली. भूक लागली तरी तेच, झोप आली तरी तेच, फॅन बंद पडला तरी तेच, चड्डीचा नाडा टोचला तरी तेच. त्या पोरीकडं जगाशी बोलायला तेवढं एकच होतं.

धम्मप्रियानं तिच्यासाठी कांडी आणली. कांडी म्हणजे ज्याच्यावर सूत गुंडाळून मागाच्या धोट्यात घालतात ती. अशोक चौकाकडच्या एका विणकर पद्मशाली बाईंकडून मागून आणलेली, रिकामी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. ती जमिनीवर अशी काही फिरवली तिनं, की माया आरोळी अर्ध्यावर सोडून बघत राहिली. मग पालथी पडून, गाल फरशीला लावून, डोळ्यांच्या रेषेत ती कांडी फिरताना बघायला लागली. फिरायची थांबली की धम्मप्रियाच्या हाताला ढोसायची, परत फिरव म्हणून. "झालं," धम्मप्रिया मला संध्याकाळी म्हणाली. "हिला काय आवडतं ते सापडलं. आता हिला सगळं शिकवता येईल." तिचा चेहरा इतका उजळलेला मी क्वचितच बघितला असेल.

आणि शिकली की पोर! चित्रांची कार्डं होती. पाण्याच्या ग्लासाचं कार्ड उचलून बाईच्या हातात दिलं की पाणी मिळतं, एवढं कळायला महिना गेला. पण ज्या दिवशी कुणी हात न धरता मायानं ते कार्ड उचलून दिलं, त्या दिवशी दिपाली पायरीवर बसून पदरात तोंड घालून रडली. जोतिरामला फोन लावला तर तो म्हणाला, "पानी मागितलं व्हय? आपल्या मायानं?" आणि परत परत तेच विचारत राहिला. मलाही भरून आलं, उगाच कशाला खोटं सांगू.

पण पाणी मिळालं म्हणून ओरडणं थोडंच थांबतं? मायाचं घर होतं शरणबसवांच्या खोल्यांत. त्यांचं पुढं किराणा दुकान, मागं रांगेनं भाड्याच्या खोल्या. मधल्या भिंती नावालाच. शेजारच्या खोल्यांत रात्रपाळीची माणसं दिवसा झोपणार, शरणबसवांच्या आईचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं. माणूस वाईट नव्हता. तीन महिने ऐकून घेतलं त्यानं. मग दिपालीला सांगितलं, पाडव्यापर्यंत बघा, नाहीतर दुसरीकडं सोय करा. दुसरीकडं कोण देणार होतं? आधीच्या दोन खोल्या ह्याच पायी सुटलेल्या. म्हणजे परत गाव, परत मेंढरांमागं रानोमाळ, आणि तिथं कुठली बाई आणि कुठली कार्डं!

दिपाली हे सांगायला आली तेव्हा तान्ही कडेवर होती, आणि माया अंगणात माझ्या तुळशीची माती खात होती. "बाई," दिपाली म्हणाली, "तुमच्या पाया पडती. बाकी काय बी शिकवू नगा. निस्तं वरडनं बंद करा. खोली ऱ्हायली तर पोरगी हितं ऱ्हाईल."

ती गेल्यावर धम्मप्रिया जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. मी वरच्या पायरीवर. ती म्हणाली, "ताई, आमच्या कामात एक नियम आहे. मुलाकडून एक गोष्ट काढून घ्यायची असेल, तर तिच्या जागी दुसरी आधी द्यायची. ओरडणं काढायचं, तर आधी त्याच्याजागी मागणं द्यायचं. तिला आत्ता कुठं पाणी मागता येतंय. 'नको' यायचंय. 'भूक' यायचीय. 'दुखतंय' तर फार लांब आहे."

"मग दे की लवकर."

"पाणी दाखवता येतं, ताई. ग्लास समोर धरला की झालं. दुखणं कसं दाखवू? तिला दुखतंय ते मला दिसत नाही, आणि ज्याला दुखणं म्हणतात ते हेच, हे तिला ठाऊक नाही. ते शिकायला वर्षं जातात. कित्येकांना येतच नाही."

"हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला," मी भडकले. "झोप त्या भाडेकरूंची मोडते, आणि औषध पोरीला? त्यांना कापूस द्या म्हणावं कानात घालायला!"

"कापूस देऊन खोली राहत नाही ताई," ती म्हणाली. आणि पायरीवरून उठता उठता म्हणाली, "आधी ओरडणं घेते. खोली टिकली की बाकीचं देईन. वेळ मिळाला तर सगळं देईन तिला."

तिनं तसं ठरवलं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तरी त्यानं हेच ठरवलं असतं, असं मी आजही म्हणते, आणि तेवढ्यानं माझ्या जिवाला काही बरं वाटत नाही.

रीत साधी होती. माया ओरडली की कुणी तिच्याकडं बघायचं नाही. बोलायचं नाही, रागवायचं नाही, उचलायचं नाही. तोंड भिंतीकडं करायचं आणि थांबायचं. ती श्वास घ्यायला गप्प झाली, तेवढ्या क्षणात वळायचं, "शाब्बास, शांत!" म्हणायचं आणि कांडी द्यायची. मग शांत राहण्याचा वेळ हळूहळू वाढवायचा. आरोळीला काही मिळत नाही, शांततेला मिळतं, एवढं पोरीला पटवायचं. दिपाली शिकलेली नव्हती, पण हे तिनं असं उचललं की धम्मप्रिया म्हणायची, माझ्या कोर्सला हिच्याइतकी कुणी हुशार नव्हती. भिंतीकडं तोंड करून ती दगडासारखी उभी राहायची. मागं पोटची पोर ऊर फुटेस्तोवर ओरडतेय आणि आई वळत नाही. मी दोनदा बघितलं आणि मग दार लावून घेतलं.

आधी वाढेल, असं धम्मप्रियानं सांगितलं होतं, आणि वाढलंच. ओरडून मिळत नाही म्हटल्यावर पोरीनं जोर केला. शरणबसव भडकले, म्हणाले पाडवा कशाला, उद्याच सोडा. तेव्हा धम्मप्रिया स्कूटी काढून त्यांच्या दुकानात जाऊन बसली. गिऱ्हाइकं येतायत, साखर मोजली जातेय, आणि ही पोत्यांच्या बाजूला स्टुलावर. रोज संध्याकाळी. "काका, अजून थोडे दिवस. हे शेवटचं आहे. आता उतरेल." शेवटी ते वैतागून आपल्या कानडी हेलात म्हणाले, "एन री बाई, तुमची कोण लागते ती पोरगी?" ती म्हणाली, "कोणी नाही." शरणबसवांनी तिला सरबत पाजलं आणि मुदत वाढवून दिली.

आणि मग उतरलं. एखाद्या दिवशी ताप उतरावा तसं. दिवसाला दोनदा, मग एकदा, मग आठवड्यात नाहीच. माया पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसायची, कांडी फिरवायची, हवं ते मिळालं तर घ्यायची, नाही मिळालं तर बसून राहायची. शरणबसवांनी स्वतः तिला बिस्किटचा पुडा दिला. जोतिराम पेढे घेऊन माझ्या घरी आला, डोक्यावरचा पटका काढून हातात धरलेला. "आमच्या सात पिढ्यांत आसं कुनी केलं न्हाय बगा," असं म्हणाला. धम्मप्रियानं अर्धा पेढा खाल्ला आणि अर्धा ठेवला. "आता खरं काम सुरू," असं मला म्हणाली. 'नको'चं कार्ड तिनं दुसऱ्याच दिवशी काढलं.

एप्रिल संपत आला होता. सोलापूरचा उन्हाळा मी नव्यानं काय सांगू, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी चहा घेऊन खाली गेले. माया खुर्चीवर बसली होती. हात मांडीवर, थोडीशी पुढं वाकलेली. हलत नव्हती. एरवी पाच मिनिटांत खुर्चीवरून घसरणारी पोर! धम्मप्रियाचे डोळे चमकत होते. मला खुणेनंच सांगितलं, बघा. आणि मायाला म्हणाली, "शाब्बास माया! किती छान शांत बसलीस!" आणि कांडी तिच्या हातात दिली.

मायानं कांडी घेतली, पण फिरवली नाही. नुसती धरून बसली. धम्मप्रियानं स्वतः फिरवून दाखवली. पोर बघेना. परत हातात दिली, परत तेच.

"आज लईच शहाणी झालीय की ही," मी म्हणाले.

"कंटाळली कांडीला," धम्मप्रिया म्हणाली. "होतं असं. एकच बक्षीस सारखं दिलं की त्यातली गोडी जाते. उद्या भोवरा आणते." आणि शांत बसली म्हणून तिला आणखी वेळ बसवलं. पूर्ण तास. तासभर ती पोर बसून राहिली, आणि दर थोड्या वेळानं तिला शाब्बासकी मिळत गेली. दिपाली न्यायला आली तेव्हा म्हणाली, सकाळी एकदा उलटी झाली, उन्हानं असंल. कडेवर तान्ही होती म्हणून माया चालत गेली. जिना उतरल्यासारखी एकेक पाऊल टाकत, सपाट रस्त्यावर. मी ते गॅलरीतून पाहिलं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही, आता रोज लागतो.

रात्री तिला ताप भरला. जवळच्या डॉक्टरनं पातळ औषध दिलं. दुसऱ्या दिवशी जोतिराम गोडाऊनवरून आला तोवर पोट फळीसारखं ताठ झालं होतं. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं त्यांनी लगेच आत घेतलं, त्यांच्याकडून काही कसूर झाली नाही. अपेंडिक्स फुटून पोटभर पसरलं होतं. धम्मप्रिया आणि मी बाहेर बाकावर. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली, तिचेही डोळे लाल. ती रागानंच विचारत होती, "दोन दिवस तरी झालेत ह्याला. मोठा माणूस गडबडा लोळतो ह्यात. पोरगी ओरडली कशी नाही? तुमच्यापैकी कुणालाच कळलं कसं नाही?"

जोतिराम खाली बघत होता. दिपाली धम्मप्रियाकडं बघत होती, बाई उत्तर देतील म्हणून.

माया पहाटे गेली. गावाकडं नेली.

कुणी धम्मप्रियाला शब्दानं बोललं नाही. हे जास्त वाईट होतं. कुणी येऊन शिव्या घातल्या असत्या तर मी मध्ये पडले असते, चार शब्द सुनावले असते, भांडायला मी तयारच होते. पण भांडायला समोर कुणी आलंच नाही. धर्मपालकाका एकदा येऊन पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले, नागूबाईंनी डबा पाठवला. डबा तसाच परत गेला.

चौथ्या दिवशी ती कामावर आली. बाकीची पोरं होती ना. पण तिचा कामातला हात गेला होता. पोर ओरडलं की ती दचकून उठायची, त्याचं पोट दाबून बघायची, कान बघायची, तोंडात बोट घालून दाढा बघायची, कपाळाला हात लावायची. नुसत्या फुटाण्यासाठी ओरडणारं पोरसुद्धा. मग पोरांना कळलंच की ओरडलं की बाई धावतात. जी पोरं गप्प झाली होती ती परत ओरडायला लागली. पालक कुरकुरायला लागले. मी म्हणाले, "अगं, तू थांबायचीस ना, ते थांब की आता." ती म्हणाली, "ताई, थांबताच येत नाही." जिचं सगळं कसब थांबण्यात होतं, तिला थांबता येईना. हळूहळू एकेक पोर कमी झालं. आता दोघं उरलीत, तेही आईबाप दुसरीकडं नेता येत नाही म्हणून.

मी तिला सांगून थकले. तुझ्यामुळं नाही, नशीब, ऊन, तो औषधवाला डॉक्टर, घरमालक, सगळ्यांची नावं घेऊन झाली. ती ऐकून घेते. एकदाच म्हणाली, "तिनं कांडी फिरवली नाही ताई. तेवढं एक तिनं सांगितलं होतं. मी म्हटलं, कंटाळली."

गेल्या महिन्यात दिपाली आली. शरणबसवांची खोली सोडायला आली होती, भांडीकुंडी न्यायला. तान्ही आता वर्षाच्या पुढं गेलेली, कडेवर. पिशवीतून तिनं कांडी काढली आणि धम्मप्रियापुढं ठेवली. "तुमची वस्तू ऱ्हायली हुती बाई."

धम्मप्रियानं ती घेतली नाही. दिपाली फरशीवर बसली, तान्हीला बाजूला ठेवलं, आणि समजूत घालायला लागली. ती समजूत घालायला लागली, बघा! "तुमी नगा जिवाला लावून घेऊ. तुमी लई केलं. माज्या मायानं तुमचं नाव राखलं बगा. शेवटपतूर एकदा सुदिक वरडली न्हाय. दवाखान्यात सुया टोचल्या, नळ्या घातल्या, पर गप. तितली नर्स म्हनली, किती शानी पोरगी हाय." तिच्या आवाजात अभिमान होता. पोर गेलेल्या आईच्या आवाजात अभिमान. मला तिथं बसवेना, पण उठवेनाही.

तेवढ्यात तान्ही रडायला लागली. भूक असेल, फरशी गार लागली असेल, काय असेल ते. आधी कुरकुर, मग जोरात, हात आईकडं पसरून. दिपालीनं एकदा तिच्याकडं बघितलं. मग तोंड भिंतीकडं वळवलं. पाठ ताठ, हात मांडीवर. तिला जसं शिकवलं होतं, तस्सं. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून धम्मप्रियाकडं बघितलं, बरोबर करतेय ना, म्हणून.

पोर रडत होती. आई थांबली होती.

"उचला तिला!" धम्मप्रिया किंचाळली. तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, खोल पोटातून आलेला. "उचला! आधी उचला तिला!"

दिपाली दचकली. तिनं वळून तान्हीकडं बघितलं. पण पोर तोवर गप्प झाली होती, आपली आपण, आईकडं पसरलेले हात खाली घेऊन. दिपालीनं जमिनीवरची कांडी उचलली आणि तिच्या हातात दिली.

"न्हाय रडत आता," ती धम्मप्रियाला म्हणाली. "ही मायापरीस लवकर शिकली, बाई."